खेकडेबाईंची वाकडी सुई

मी एक जुनी सुई आहे मित्रांनो, आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. माझी कीव करायची नाही. "अरेरे, बिचारी!" असं कुणी म्हटलं की माझ्या अंगाची नुसती आग होते. माझं टोक तुटलंय, दांडी काळी पडलीय, हे मलाही दिसतं. गेल्या महिन्यात तर मला काचेच्या पेटीत मांडायचं की सरळ कचऱ्यात टाकायचं, यावर दोन शहाण्यांनी माझ्या तोंडावर वाद घातला. मला दोन्ही नको होतं. मला काम हवं होतं. पण आम्हाला विचारतो कोण?

सुई म्हटल्यावर तुम्हाला दोरा आठवला असेल. तो विसरा. मला नेढं नाही. मी दातांच्या डॉक्टरांची सुई. वीतभर लांबीची पोलादी दांडी आणि तिच्या टोकाला केसासारखा बारीक आकडा. कारखान्यात आम्ही शंभर जणी एकाच दिवशी घडलो. तपासणाऱ्या माणसाने एकेकीला भिंगाखाली धरलं. काहींना बाजूला फेकलं. माझी पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "ही चांगलीय." एवढंच म्हणाला, पण मी ते आजतागायत विसरलेले नाही.

दवाखान्यात माझा काय दरारा होता म्हणून सांगू! बाहेर बाकावर बसून मोठमोठ्याने बोलणारी माणसं आत खुर्चीत आली आणि मी ट्रेमध्ये जराशी खणखणले, की त्यांची बोलती बंद. कुठल्या दाताला कीड आहे, कुठली फट वरून दिसत नाही, हे डॉक्टरांना मीच सांगायची. मी अडले की कीड, मी घसरले की दात धडधाकट. डॉक्टर डोळ्यांपेक्षा माझ्यावर जास्त विसंबायचे.

मग एके दिवशी एका धिप्पाड ट्रकवाल्याने दचकून जबडा मिटला. माझा आकडा किंचित वाकला. अगदी किंचित! डॉक्टरांनी मला उजेडात धरून पाहिलं, "गेली ही," असं म्हणाले आणि भंगाराच्या डब्यात टाकलं. गेली? मी कुठे गेले होते? मी तिथेच होते, चांगली धडधाकट!

डॉक्टरांची धाकटी बहीण दुपारी दवाखान्यात डोकवायची. ती तेव्हा शहरातल्या संग्रहालयात नुकतीच कामाला लागली होती. तिने डब्यात हात घालून मला बाहेर काढलं आणि नखावर टोचून पाहिलं.

"दादा, ही मी घेऊ?"

"घे की. पण एकदा दगडात घातलीस ना, मग माणसाच्या तोंडाजवळ आणू नकोस परत."

"तुझ्या पेशंटपेक्षा माझे बरे. तोंड उघडा म्हणावं लागत नाही आणि ओरडतही नाहीत."

तिचे पेशंट म्हणजे खेकडे. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी गाळात गाडले गेलेले, आणि गाळाबरोबर दगड झालेले. त्यांना जीवाश्म म्हणतात. वरून पाहिलं तर नुसता करडा धोंडा. त्यातून खेकडा काढायचा म्हणजे भिंगाखाली कणकण दगड उकरायचा, कुंचल्याने झाडायचा, पुन्हा उकरायचा. एका खेकड्याला महिना महिना लागायचा. सकाळभर हे चालायचं. दुपारी ती मला पुसून तळघरात न्यायची. तिथे काचेच्या टाक्यांमध्ये जिवंत खेकडे आणि झिंगे होते. त्यांतला एखादा मेला की त्याच्या पायावरचे केस मोजायचे, कल्ले उलगडायचे, चित्रं काढायची. सकाळी दगडातला खेकडा, दुपारी काल मेलेला झिंगा. लोक नाक मुरडायचे. तिच्या कपड्यांना खाऱ्या पाण्याचा वास यायचा. सगळे तिला खेकडेबाई म्हणू लागले, आणि तिने ते नाव खुशाल लावून घेतलं.

तिथले प्रमुख होते मोठे सर. बाई त्यांची विद्यार्थिनी. तरुणपणी सरांना एका टेकडीच्या पोटात खेकड्यांनी खच्चून भरलेला दगडाचा थर सापडला होता. शेकड्यांनी खेकडे, एकाच ठिकाणी. सरांनी लिहिलं, की त्या समुद्राचं पाणी एका दिवसात विषारी झालं आणि सगळे खेकडे जागच्या जागी मेले. त्यावर त्यांचं जाडजूड पुस्तक निघालं. त्या पुस्तकातली चित्रं बाईंनीच काढली होती. संग्रहालयाच्या दालनात भिंतभर चित्र रंगवलं गेलं: हिरवट पाणी आणि उताणे पडलेले खेकडे. दालनाचे रखवालदार शाळेच्या मुलांना ते दाखवून दोन्ही हात पसरायचे आणि म्हणायचे, "एका दिवसात सगळे खलास!" मुलं तोंडात बोट घालून बघत राहायची.

आता मी जे सांगणार आहे ते माझ्या जिवावर येतंय, पण सांगते.

खेकड्याच्या पाठीवरचं कवच म्हणजे एक झाकणच असतं. त्या थरातल्या बऱ्याच खेकड्यांची झाकणं मागच्या बाजूने उचललेली, तिरकी झालेली निघायची. सरांचा नियम असा, की ती सरळ करून बसवायची. "खणताना धक्का लागून हललंय ते," ते म्हणायचे. "वाकडा नग मांडला तर आपल्याला काम येत नाही असं वाटेल लोकांना." मग बाई मला झाकणाखाली घालायच्या, हलकेच सुटं करायच्या, डिंक लावून शरीरावर नीट बसवायच्या. झाकणाची जुनी खाच मागे दगडात तशीच राहायची. ती लुकणाने बुजवायची आणि वरून करडा रंग द्यायचा. असे एकशे बारा नग आम्ही सरळ केले. पाहुणे यायचे, भिंग लावून बघायचे आणि म्हणायचे, "काय सफाई आहे हो हाताला!" मी ट्रेमध्ये ताठ पडून ते ऐकायची. तेव्हा मला फार भाव चढला होता.

अठरा वर्षं अशी गेली.

तळघरात एक म्हातारा खेकडा होता. तो बाकीच्यांना टाकीच्या कोपऱ्यात दामटायचा, म्हणून बाई त्याला मुकादम म्हणायच्या. एका सकाळी मुकादम निपचित पडलेला दिसला. खेकडा वाढताना जुनं कवच टाकतो, हे बाईंना माहीत नव्हतं असं समजू नका. असली टाकलेली कवचं त्यांनी शेकड्यांनी पाहिली होती. पण मुकादमाच्या जातीतले म्हातारे कवच टाकत नाहीत, असं सगळीच पुस्तकं सांगत होती. बाईंनी जाळीने त्याला उचललं. झाकण मागून जरा वर आलेलं होतं. जाळीचा धक्का लागला असेल, असं वाटून त्यांनी ते अंगठ्याने दाबून सरळ केलं. वहीत लिहिलं, "मुकादम मेला." डोळे पुसले आणि मला हातात घेतलं.

मी झाकणाला टेकले मात्र, आणि ते टुपकन उघडलं. आत काही नाही! पाय होते, नांग्या होत्या, डोळ्यांच्या काचा होत्या, आणि खेकडा नव्हता. बाई धावत टाकीशी गेल्या. खापराच्या मागे मुकादम बसला होता. मऊ, फिकट, पहिल्यापेक्षा मोठा झालेला, आणि बाईंना बघून नांग्या उगारत होता.

"अरे लबाडा!" बाई खळखळून हसल्या. मग त्यांनी आपला अंगठा डोळ्यांसमोर धरला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.

तुमच्या लक्षात आलं ना? कवच टाकताना खेकड्याचं झाकण मागून उघडतं आणि तो उलटा सरकत बाहेर पडतो. मागे राहतं ते तिरकं झाकण. बाईंनी ते सरळ केलं, आणि जिवंत खेकडा मेलेला ठरला. वर एकशे बारा दगडांमध्ये आम्ही दोघींनी हेच करून ठेवलं होतं.

बाई तशाच ओल्या हातांनी सरांच्या खोलीत गेल्या. मी त्यांच्या खिशात होते.

"सर, ते मेलेले नव्हते. ती टाकलेली कवचं आहेत. खेकडे निघून गेले होते."

सर हसले. "अगं, बारा वर्षं झाली त्यांना मरून माझ्या पुस्तकात. आता कुठे निघाले ते?"

"झाकणं आपण सरळ केली, सर. मी केली, ह्या हातांनी. एक नग सोडवून बघू द्या."

"त्या नगांना हात लावायचा नाही." सरांचा आवाज चढला. "एका म्हाताऱ्या खेकड्याने कात टाकली म्हणून माझं सगळं काम धुवून काढणार आहेस?"

बाई मागे हटल्या नाहीत. सरांच्या टेबलावर, कागदांवर ठेवलेला एक दगड होता. त्या टेकडीत सरांना सापडलेला पहिला दगड. आठवण म्हणून त्यांनी तो कधी साफच करू दिला नव्हता. कवचाची नखाएवढी कड तेवढी बाहेर दिसत होती. बाईंनी त्याच्यावर बोट ठेवलं.

"मग हा द्या. याला कुणीच सरळ केलेलं नाही."

सरांनी दगड उचलून तळहातावर फिरवला. मग म्हणाले, "घे. पण इथे, माझ्यासमोर करायचं. झाकण सरळ निघालं तर खेकडे सोडायचे, टाक्या बंद करायच्या आणि खालच्या मजल्यावर नोंदवह्या लिहीत बसायचं. आहे कबूल?"

"कबूल. आणि वाकडं निघालं तर?"

सरांनी रखवालदारांना हाक मारली.

खिडकीजवळ टेबल लागलं. पाच दिवस बाई तिथे बसल्या. सर समोर वर्तमानपत्र उघडून बसायचे आणि एकच पान तासतासभर वाचायचे. रखवालदार काहीतरी निमित्त काढून दारात यायचे. दगड भलता कडक होता. मी आयुष्यात एवढं कधी घासलं नव्हतं. बाईंचे खांदे आखडले, बोटांना फोड आले, तरी त्या दुसरी सुई घेईनात. झाकण सरळ निघालं असतं तर काय गेलं असतं, ते मला ठाऊक होतं. तळघरातल्या टाक्या, अठरा वर्षांच्या वह्या, सगळं. मला भीती वाटत होती का? वाटत होती. पण भीतीने टोक बोथट होत नाही, म्हणून मी चालत राहिले.

पाचव्या दिवशी आम्ही झाकणाच्या मागच्या शिवणीपर्यंत पोचलो. तिथे एक टणक गाठ होती. मी तिच्यात शिरले, बाईंनी जोर दिला, आणि माझं टोक कट्कन तुटलं.

सरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "झालं? मोडली ना? सोड आता."

"टोक मोडलंय, सर. सुई नाही मोडली," बाई म्हणाल्या. त्यांनी मला जरा आडवं धरलं आणि तुटक्या बुंध्यानेच उकरायला सुरुवात केली.

मित्रांनो, कारखान्यातल्या त्या माणसाने मला चांगली म्हटलं होतं, पण हे वाक्य मला त्याहून मोठं वाटतं. दुपारी गाठ सुटली. कुंचल्याने गाळ झाडला. झाकण मागच्या बाजूने स्पष्ट उचललेलं होतं, पेटी अर्धवट उघडून ठेवावी तसं. आत फक्त मऊ गाळ भरला होता. खेकडा बाहेर पडून कोट्यवधी वर्षं झाली होती.

बाईंनी भिंग सरांकडे सरकवलं. सर वाकले. किती वेळ वाकून होते कुणास ठाऊक. मग त्यांनी मान वर न करता खण उघडला, डिंकाची बाटली काढली आणि बाईंसमोर ठेवली.

"सरळ करून घे," ते म्हणाले.

ते लबाडी करायला सांगत होते, की नुसती इतक्या वर्षांची सवय बोलत होती, हे मला अजूनही कळलेलं नाही.

"नाही, सर. वाकडंच राहील ते."

सरांनी बाटली परत खणात ठेवली, कोट घेतला आणि ते निघून गेले. नोंदवह्यांचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. शाबास म्हणायचं तर दूरच. महिन्याभराने ते निवृत्त झाले, आणि जाताना बाईंशी एक शब्द बोलले नाहीत. त्या संध्याकाळी बाई तळघरात जाऊन रडल्या. ज्या माणसाने त्यांना खेकड्याचा पाय कसा धरायचा इथपासून शिकवलं होतं, तोच माणूस पाठ फिरवून गेला होता. मला सरांचा भयंकर राग आला. अजून थोडा आहे.

बाईंनी लेख छापला. मोठमोठ्या लोकांची पत्रं आली. एकाने लिहिलं, एका दगडावरून समुद्र ठरत नाही. दुसऱ्याने लिहिलं, बाईंनी जिवंत खेकडे पाळणं कमी करावं. बाईंनी ती पत्रं रखवालदारांना वाचून दाखवली आणि म्हणाल्या, "एका दगडावरून नाही ना? बरं. एकशे बारा घ्या मग."

नव्या प्रमुखांनी परवानगी दिली. एकेक नग कपाटातून निघाला. औषधाने डिंक सोडवायचा, झाकण उचलायचं, लुकण उकरून काढायचं. लुकण काढायला माझं तुटकं टोकच बेस्ट! नव्या, चकचकीत, टोकदार सुया दगडाला ओरखडे पाडायच्या, मी नाही. लुकण निघालं की खाली जुनी खाच दिसायची आणि झाकण मुळात किती तिरकं होतं ते कळायचं. मग ते तसंच तिरकं बसवायचं. नऊ वर्षं हे चाललं. एकशे बारांपैकी सत्त्याण्णव खेकडे कवच टाकून निघून गेलेले निघाले. पंधरा खरोखरच मेलेले होते, त्यांची झाकणं नुसती धक्क्याने हलली होती. बाईंनी तेही छापलं.

प्रत्येक नगाच्या चिठ्ठीवर त्या आपल्या हाताने लिहायच्या: "झाकण मी सरळ केलं होतं. चूक माझी." खाली सही.

बरोबरची माणसं म्हणायची, "अहो बाई, कशाला आपली अब्रू आपणच टांगून ठेवता? कुणाला कळलंही नसतं."

"म्हणूनच लिहिते," बाई म्हणायच्या. "नाहीतर उद्या कुणीतरी येईल आणि झाकण वाकडं दिसतंय म्हणून पुन्हा सरळ करील."

सगळ्यात जास्त नाराज झाले रखवालदार. "बाई, तुम्ही खेकडे जिवंत केलेत आणि माझी गोष्ट मारलीत!" असं म्हणून ते दोन दिवस फुगून बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी शाळेच्या मुलांसमोर दोन्ही हात पसरले. "मुलांनो, हे दिसतंय ना चित्रात? साफ खोटं आहे! पोलिसांना सापडले ते नुसते कपडे. माणसं कधीच पसार!" मुलं पहिल्यापेक्षा जास्त हसली.

आता माझी मागणी ऐका. आत्मवृत्ताच्या शेवटी आमच्यासारख्यांनी "मला जपा हो" असं म्हणायचं असतं. मी नाही म्हणणार. मला पुसू नका, चकाकी आणू नका, आणि टोक तर अजिबात बसवू नका. एखादी वस्तू मोडकी दिसली, एखादा नग वाकडा दिसला, की तुमचे हात शिवशिवतात ते मला माहीत आहे. ते जरा आवरा. आधी नीट बघा, ती वाकडी का आहे ते. आणि मला जपायचंच असेल तर दगडावर चालवा.

एकशे बारावा नग दालनातला होता, त्या भिंतभर चित्राच्या बरोबर खाली, मोठ्या काचेत. सरांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर होता तोच. बाईंनी तो सगळ्यांत शेवटी केला, कारण त्यांचा हात धजत नव्हता. चिठ्ठी लावली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळच्या वेळी, सर आले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. काठी टेकत ते सरळ त्या काचेशी गेले. रखवालदारांनी पळत जाऊन बाईंना आणलं. मी त्यांच्या वरच्या खिशात होते, म्हणून मला सगळं दिसलं.

सरांनी चिठ्ठी वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"काच उघड," ते म्हणाले.

बाईंनी किल्ली लावली. आता हा माणूस काय करतो म्हणून मी ताठ झाले. झाकणाला हात लावला असता तर बाईंच्या खिशातूनसुद्धा मी त्याला टोचलं असतं.

"पेन आहे?"

बाईंनी पेन दिलं. सरांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. "चूक माझी" या ओळीच्या खाली त्यांनी लिहिलं, "आणि माझीही." खाली सही केली, तारीख घातली. झाकणाला त्यांनी हात लावला नाही.

"सर, बसा ना जरा," बाई म्हणाल्या.

"बसतो," सर म्हणाले. "तो तुझा मुकादम आहे का अजून?"

"तो गेला, सर. या वेळी खरंच गेला. मी तीनदा तपासलं."

सर हसले आणि मग दोघंही हसत सुटले.

ती चिठ्ठी अजून त्या काचेत आहे. कधी आलात तर वाकून वाचा. खाली थोडी जागा कोरी राहिलीय. त्या झाकणाखाली शिरून ते सुटं केलं होतं ते मी. मला लिहिता येत नाही मित्रांनो, नाहीतर तिसरी ओळ माझी असती.